तिची सही असलेल्या चौदा शिड्या

आरंभी वंदन त्या सुताराला, ज्याच्या तळहातात आधी कुसळे रुतली आणि मग खिळे. ज्याने लोकांना उपदेश करण्याआधी कित्येक वर्षे भुसा झाडला, मापे घेतली, गिऱ्हाइकांची बोलणी ऐकून घेतली. त्याच्या पायांशी बसून एका बाईची गोष्ट सांगावीशी वाटते. ती काही थोर विदुषी नव्हे. अ‍ॅल्युमिनियमच्या शिड्या करणाऱ्या एका लहानशा कारखान्याची ती मालकीण, आणि तीही मनाविरुद्ध झालेली. कारखान्यातले सगळे तिला वहिनी म्हणत, म्हणून आपणही वहिनीच म्हणू.

कारखाना तिच्या नवऱ्याने, दादाने, उभा केला होता. पत्र्याची एक लांबलचक शेड, पट्ट्या कापायचे एक यंत्र, भोके पाडायची दोन, आणि भिंतीला टेकून ओळीने उभ्या असलेल्या तयार शिड्या. कामाला सात माणसे. दादाने दोन नियम घालून दिले होते आणि दोन्ही त्याच्या प्रार्थनेतून आले होते.

पहिला नियम असा, की सकाळी आठला सगळ्यांनी कापायच्या यंत्राभोवती उभे राहून प्रार्थना करायची आणि मग प्रत्येकाने आपली कालची एक चूक सांगायची. रागवायचे नाही, पगार कापायचा नाही. सांगितली की संपली आणि सुधारायला घ्यायची. सुरुवात दादा स्वतःपासून करी. "काल मी गिऱ्हाइकाशी खोटं बोललो. माल तयार आहे म्हणालो, आणि पट्ट्यासुद्धा कापल्या नव्हत्या." मग दुसरा म्हणे, "मी बारा पायऱ्यांच्या शिडीला तेरा पायऱ्या बसवल्या." त्यावर म्हातारा मिस्त्री डोळे बारीक करून विचारी, "का रे, थेट स्वर्गात पोचवायचा विचार होता की काय?" सगळी शेड हसे, आणि तेरावी पायरी निघे.

दुसरा नियम सहीचा. प्रत्येक शिडीला तपासणीचे एक कार्ड बांधलेले असे. त्यावर जो सही करील, त्याने आधी स्वतः त्या शिडीच्या वरच्या पायरीपर्यंत चढून उतरायचे. दुसऱ्याचे पाय आणि आपली सही, हे चालायचे नाही. दादा प्रत्येक शिडी चढे. खाली येऊन हात पुसे, सही करी आणि पुटपुटे, "प्रभू, आता ही तुझ्या हवाली."

एका रविवारी चर्चमधून घरी येताना तो छातीवरून हात फिरवू लागला. वहिनीने विचारले, "काय होतंय?" तो म्हणाला, "काही नाही गं. सगळं ठीक आहे." सातजणांकडून रोज चूक वदवून घेणारा तो माणूस आपले दुखणे मात्र बायकोपासून लपवून गेला. त्या दुपारी जेवणाची ताटे मांडलेली होती आणि तो नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात वहिनी त्याच्या खुर्चीवर येऊन बसली. हौस नव्हती, पण सात घरांच्या चुली त्या शेडवर पेटत होत्या. पहिल्या सकाळी तिने कापऱ्या आवाजात प्रार्थना केली, आणि मग चुकांची वेळ आली. कोणीच बोलेना. शेवटी मिस्त्री म्हणाला, "वहिनी, सगळं ठीक आहे." त्याच्यामागोमाग एकेकजण म्हणाला, "ठीक आहे." "माझंही ठीक आहे." दांड्यांना पायऱ्या जोडणारे रिव्हेट मारणारा, ज्याला सगळे घुम्या म्हणत, त्याने तर नुसती मान हलवली.

त्यांच्या मनात पाप नव्हते. बाईचे डोळे अजून सुजलेले, तिच्या डोक्याला आणखी ताप नको, एवढाच त्यांचा हेतू. त्यांनी तिला तळहातावरच्या फोडासारखे जपायचे ठरवले होते. पण 'सगळं ठीक आहे' हे तीन शब्द वहिनीला नकोसे वाटत. हेच शब्द तिने एकदा ऐकले होते, त्यांवर भरवसा ठेवला होता, आणि त्यानंतर तिला कबरीत माती टाकावी लागली होती.

तरी तिने कुणाला खोदून विचारले नाही, कारण तिच्याही तोंडाला कुलूप होते. वहिनीला उंचीची भीती वाटे. लग्न झाल्यापासून शिड्यांच्या घरात राहिलेली बाई, पण माळ्यावरचा डबा काढायलाही नवऱ्याला हाक मारणारी. आतापर्यंत विकला गेलेला माल दादाच्या सहीचा, आधीच तयार असलेला होता. तिच्या कारकिर्दीतला पहिला माल म्हणजे चौदा उंच शिड्या. त्यांतल्या पहिल्या शिडीवर ती चढायला गेली. चौथ्या पायरीवर शेड गरगर फिरली, तळव्यांना घाम सुटला. मिस्त्री धावत आला. "राहू द्या वहिनी. मी चढून बघतो सगळ्या. तुम्ही फक्त सही करा."

तिने मान डोलावली. चौदा कार्डांवर चौदा सह्या केल्या. शिड्या ट्रकमधून अवजारांच्या एका मोठ्या दुकानात गेल्या.

आणि त्या दिवसापासून तिची धाकधूक सुरू झाली. रस्त्यात कुठे शिडी दिसली की तिची नजर आधी पायऱ्यांवर जाई आणि मग वरच्या माणसाच्या पायांवर. फोन वाजला की काळजात चर्र होई. ताटातला घास हातात राही. तिने चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितले, पण अर्धेच सांगितले: मन थाऱ्यावर नाही, एवढेच. पाळकसाहेब मायेने म्हणाले, "विश्वास ठेवा. चिंता प्रभूवर टाका. विश्वास असला की भीती राहत नाही." त्या भल्या माणसाला बिचाऱ्याला काय ठाऊक, की निम्मी गोष्ट बाईने पदराआड ठेवली आहे! वहिनीने मात्र त्याचा अर्थ असा घेतला, की आपली चिंता म्हणजेच आपले पाप. मग ती आणखी प्रार्थना करू लागली. सकाळी गुडघ्यांवर, दुपारी खुर्चीत, संध्याकाळी कुलूप लावताना: "प्रभू, ही धाकधूक काढून घे. मला शांती दे."

धाकधूक गेली नाही. उलट वाढली. ती शांती मागत राही आणि तिच्या छातीत हातोडा पडत राही. माणूस दार आतून लावून घेतो आणि 'बाहेर कोण ठोठावतंय, त्याला थांबव' अशी विनवणी करतो. आणि ठोठावणारा तर तोच असतो, ज्याला विनवणी चालली आहे. हे त्या दिवसांत तिला उमगले नव्हते.

मग एका सकाळी, प्रार्थनेआधी, अवजारांचा दुकानदार स्वतः कारखान्यात आला. गडी खुशीत होता.

"वहिनी, चौदातल्या नऊ गेल्या! आणखी वीस पाहिजेत. मी गिऱ्हाइकाला काय सांगतो ठाऊक आहे? म्हटलं, दादा गेले, पण बाईही तशीच आहे. कार्डावर तिची सही असली की डोळे मिटून चढा!"

तो चहा न घेताच गेला. डोळे मिटून चढा! नऊ माणसे डोळे मिटून चढत होती, आणि ती स्वतः चार पायऱ्यांवरून परत फिरली होती.

आठ वाजले. सगळे यंत्राभोवती जमले. तिने प्रार्थना सुरू केली, "हे दयाळू प्रभू," आणि पुढे शब्द येईनात. मिस्त्रीने हळूच डोळा उघडून पाहिले. ती यंत्राची कड धरून उभी होती.

"माझी चूक आधी सांगते," ती म्हणाली. "त्या चौदा शिड्यांपैकी एकीवरही मी चढले नाही. पहिलीच्या चौथ्या पायरीवरून घाबरून उतरले. आणि चौदांवर सह्या केल्या. दादांच्या कारखान्यात खोटी सही पहिल्यांदा मी केली."



मिस्त्री म्हणाला, "अहो पण वहिनी, मी चढतो म्हणालो होतो ना."

"चढलात ना?"

मिस्त्रीने टोपी काढली. पुन्हा घातली. "गुडघे," तो म्हणाला. "वर्ष झालं. खाली बसलो तर उठवत नाही. दादांना सांगणार होतो, तेवढ्यात हे असं झालं. तुम्हाला कुठं सांगू? म्हणाल, म्हातारा आता कामाचा राहिला नाही. आणि म्हटलं, घुम्याच्या हातचं रिव्हेट आहे. घुम्याचा हात कधी चुकलाय?"

आता सगळ्यांच्या माना घुम्याकडे वळल्या. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. त्याचे ओठ हलले, पण आवाज दुसऱ्या खेपेला आला.

"चुकला," तो म्हणाला.

"काय?"

"पायऱ्यांना पोलादी रिव्हेट लागतं. नावाच्या पट्टीला आणि खालच्या रबरी बुटांना नरम. मारल्यावर दोन्ही सारखीच दिसतात. शेवटी डबे बघितले. नरम रिव्हेटचा डबा रिकामा, आणि पोलादीचा हवा तेवढा खाली गेलेला नाही. कुठल्या शिडीला कुठलं गेलं, ते नाही सांगता येत. एकीला गेलं असेल, नाहीतर चौदाही शिड्यांना."

"आणि हे तू बोलला नाहीस?" मिस्त्री ओरडला.

"बोलायलाच आलो होतो. त्या सकाळी वहिनी दादांचा जेवणाचा डबा पुसत बसल्या होत्या. माझ्याच्यानं बोलवलं नाही." त्याने खाली पाहिले. "तुम्ही चढून बघताय म्हणालात. वाटलं, सैल असेल तर तुम्हाला कळेल."

पाहिलेत? एकाने दुसऱ्यावर माया केली, दुसऱ्याने तिसऱ्यावर. आणि त्या मायेच्या सावलीत चौदा शिड्या वरच्या पायरीला कुणाचाही पाय न लागता जगात गेल्या. खरे बोलायचे धैर्य प्रेमातून काढून घेतले, की उरते ते गोड असते, पण त्याच्यावर कुणाला उभे राहता येत नाही.

त्या दिवशी कुणी रागावले नाही, कारण रागवायला वेळच नव्हता. दादाची धाकटी बहीण कारखान्याचा फोन आणि कागदपत्रे सांभाळी. तिखट जिभेची, हुशार बाई. तिने वहिनीला बाजूला ओढले.

"हे बघ वहिनी, शिड्या परत आणू, त्याला माझी ना नाही. पण 'रिव्हेट चुकलं' असं बोलू नकोस. म्हणायचं, मोफत नवे रबरी बूट बसवून देतोय. लोक स्वतःहून आणून देतील. फुकट म्हटलं की माणसं शिडीच काय, घराचं दारसुद्धा काढून आणतात."

"आणि आणून देईपर्यंत?"

"म्हणजे?"

"आणून देईपर्यंत ते त्याच शिडीवर चढत राहतील ना गं."

नणंद हळू आवाजात म्हणाली, "खरं सांगितलंस तर तो दुकानदार पुन्हा पायरी चढणार नाही आपली. दादाने बारा वर्षं जोडलेला माणूस आहे. तुला धंदा बुडवायचाय का?"

वहिनीचा हात फोनवर गेला. तिने नंबर दाबला.

"मी बोलतेय. शिड्यांमध्ये आमची चूक झाली आहे. पायऱ्या निसटू शकतात. दुकानातल्या पाच बाजूला ठेवा, कुणाला हात लावू देऊ नका. आणि गेलेल्या नऊ कुणाकडे आहेत ते सांगा. हो, माझी सही आहे. खोटी आहे."

दुकानदार काय बोलला ते नणंदेला दोन हात दूर उभी असूनही स्पष्ट ऐकू आले. त्याने वीस शिड्यांची मागणी तिथल्या तिथे रद्द केली. कारखान्याशी व्यवहार संपला म्हणाला. दादाचे नाव मातीत घातले म्हणाला. आणि एवढे सगळे बोलून झाल्यावर, श्वास टाकून, त्याने आठ पत्ते वाचून दाखवले. नणंदेने ते भराभर लिहून घेतले.

"आणि नववा?" वहिनीने विचारले.

"तो रोख घेऊन गेला. रंगारी आहे. उंच, डावखुरा. पत्ता नाही."

आठ ठिकाणी फोन लागले. कुणी शिव्या घातल्या, कुणी आभार मानले, एका बाईने दोन्ही केले. दुपारपर्यंत आठ शिड्या जागच्या जागी आडव्या झाल्या. पण नववी कुठेतरी उभी होती. वहिनी आणि मिस्त्री कारखान्याच्या टेम्पोतून निघाले. मागे घुम्या बसला.

ते रंगाच्या एका दुकानात गेले, मग दुसऱ्या. मिस्त्री प्रत्येक ठिकाणी विचारी, "उंच, डावखुरा रंगारी?" एक दुकानदार म्हणाला, "उंच? अहो, शिडीवर सगळेच उंच." दुसरीकडे खांदे उडवले. सिग्नलला टेम्पो थांबला की वहिनीच्या बोटांची चुळबुळ सुरू होई. ती आता शांती मागत नव्हती. तिच्या ओठांवर एवढेच होते: "प्रभू, त्याला जेवायची सुट्टी दे. त्याला तंबाखूची तलफ दे. त्याला कुणाचा तरी फोन येऊ दे. त्याला खाली ठेव."

चौथ्या दुकानात फिकट पिवळ्या रंगाचे डबे मोजणारी मुलगी म्हणाली, "डावखुरा? तो शाळेच्या जिन्याचं काम करतोय. आत्ताच ब्रश घेऊन गेला."

शाळेला सुट्टी होती. जिना रुंद, मध्ये मोकळी विहिरीसारखी जागा, आणि त्या जागेत, तळमजल्याच्या फरशीवर पाय रोवून, त्यांची शिडी भिंतीला लागलेली. रंगारी वरती, पहिल्या मजल्याच्या कठड्यापेक्षाही उंच. डाव्या हातात ब्रश, शीळ चाललेली.

घुम्या हाक मारणार, तोच मिस्त्रीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "दचकेल."

मिस्त्री आणि घुम्या पाय न वाजवता शिडीजवळ गेले आणि दोघांनी दोन बाजूंचे उभे दांडे घट्ट धरले. वहिनी जिना चढून वर गेली, कठड्याशी. तिथून रंगाऱ्याचे पाय हाताच्या अंतरावर होते. आणि तिला दिसले. तो ज्या पायरीवर उभा होता, तिच्या लगेच खालची पायरी डाव्या बाजूने सुटली होती. दांडा आणि पायरी यांच्यामध्ये बोटभर फट. नरम रिव्हेटचे डोके पानासारखे वाकले होते.

"भाऊ," ती हलकेच म्हणाली. "घाबरू नका. हलू नका. मी शिडीच्या कारखान्यातली आहे."

शीळ थांबली. "काय झालं?"

"तुमच्या खालची पायरी सुटली आहे. तिच्यावर पाय द्यायचा नाही. ती सोडून तिच्या खालचीवर यायचं."

"मला दिसत नाही खालचं."

"मला दिसतंय."

रंगाऱ्याने खाली पाहायचा प्रयत्न केला, आणि शिडी कुरकुरली. खालून मिस्त्रीचा श्वास ऐकू आला. वहिनीने कठड्यावर पोट टेकले. तिच्या खाली सरळ तळमजल्याची फरशी होती, त्यावर रंगाचे थेंब, मिस्त्रीची टोपी, घुम्याचे वर केलेले तोंड. सगळे फिरू लागले. तिने डोळे मिटले. मग उघडले, कारण मिटलेल्या डोळ्यांना पायरी दिसत नाही. ती कमरेपासून पुढे वाकली आणि तिने रंगाऱ्याचा घोटा धरला.

"हा पाय उचला. माझ्या हातात सोडा. वजन वरच्या पायावर. दोन्ही हातांनी दांडे धरा. ब्रश टाका."

ब्रश खाली पडला. तिने तो पाय सुटलेल्या पायरीच्या बाहेरून खाली नेला. तो जड होता, रंगाने चिकट होता. पुरेना. ती आणखी वाकली. टाचा फरशीवरून उचलल्या गेल्या. पाय खालच्या पायरीला टेकला.

"ही घट्ट आहे का?" त्याने विचारले.

"ठाऊक नाही," वहिनी म्हणाली. "हळूहळू भार द्या."

त्याने भार दिला. पायरी टिकली. मग दुसरा पाय. त्यानंतरची प्रत्येक पायरी मिस्त्री खालून बघून सांगत गेला, "ये. ये. थांब. आता ये." शेवटच्या पायरीवरून घुम्याने त्याला कमरेला धरून लहान मुलासारखे उतरवले.

वहिनी जिना उतरून येईपर्यंत रंगारी आपला राग गोळा करून उभा होता. पण तिचा चेहरा पाहून त्याचा सूरच बदलला.

"अहो बाई, शिडीवर मी होतो ना? मग घामानं तुम्ही का भिजलात?"

ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. घुम्या शिडी आडवी करून सुटलेल्या जागी चिंधी बांधत होता. रंगाऱ्याने वाकून ती फट पाहिली, तीत बोट घातले. बोट आत गेले.

"सकाळपासून," तो म्हणाला, "याच्यावरून मी किती वेळा खाली-वर केलं असेल?" त्याने मनात मोजले. "नऊ. नाही, दहा." मग त्याच्या तोंडावरचा रंग उतरला आणि तोही वहिनीच्या शेजारी, पायरीवर, धपकन बसला.



"तुम्ही चर्चवाल्या आहात का?" त्याने विचारले. "मघाशी वर वाकल्या होतात तेव्हा काहीतरी पुटपुटत होतात."

"हो."

"मग आता आभाराचं काहीतरी म्हणा. मला प्रार्थना येत नाही."

वहिनीने तोंड उघडले. छाती अजून धडधडत होती.

"मलाही आत्ता येत नाहीये," ती म्हणाली. "बसू या नुसते."

आणि ते दोघे बसून राहिले.